जुन्या बंदुका-पिस्तुलांच्या ऑनलाइन जाहिराती : फसू नका, आणि फसलात तर गप्प बसू नका

गोदातीर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक जाहिरात फिरते आहे. ‘ब्राउनिंग पिस्तूल. नाशिकच्या जुन्या वाड्यातून निघालेले. जॅक्सन वधाच्या कटातल्या वीस पिस्तुलांपैकी एक. अँटिक असल्याने लायसन्स लागत नाही. टोकन देईल त्याला पहिला मान.’ सोबत चार फोटो आणि एक मोबाइल नंबर. ओळखीतल्या काही जणांनी ‘घ्यायचे का?’ असे विचारत मला ती पाठवली, म्हणून हा धागा काढतो आहे.

आधी इतिहास. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याकरवी वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली होती, हे खरे. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. या तीन नावांपुढे नाशिकचा माणूस आजही हात जोडतो. जाहिरात देणाऱ्याने गळ टाकला आहे तो नेमका या भावनेला, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली.

आता फोटो मोठा करून पाहा. पिस्तुलाच्या तोंडाशी, स्लाइडच्या (वरच्या सरकत्या भागाच्या) पुढे एक वेगळा तुकडा बसवलेला आहे आणि त्याचा सांधा स्वच्छ दिसतो. ही ब्राउनिंग पिस्तुले बनवणाऱ्या एफएन कंपनीच्या १९२२ च्या मॉडेलची खूण. आधीच्या आखूड पिस्तुलाला लांब नळी द्यायची ठरली, तेव्हा जुनीच स्लाइड पुढे वाढवण्यासाठी हा तुकडा आला. १९०९ साली हे मॉडेल जन्मालाच आलेले नव्हते. कटातले पिस्तूल सोडाच, कान्हेरेंच्या हयातीतलेही ते नाही.

आणि समजा मॉडेल बरोबर असते, तरी काय? एवढ्या गाजलेल्या खटल्यातली वस्तू म्हटली की तिच्यामागे पंचनामा, मुद्देमालाची नोंद, कोर्टाचा हुकूम, असा काहीतरी कागदी माग असायलाच हवा. ‘आजोबांनी लपवून ठेवले होते’ ही आठवण झाली, पुरावा नव्हे.

माझे म्हणणे एकच आहे. वस्तूची किंमत विचारण्याआधी कागद विचारा. या छंदात फसवणूक आणि कायद्याचा फास हातात हात घालूनच येतात. कागद नसलेली वस्तू खोटी निघाली तर पैसे जातात आणि खरी निघाली तर आपण आत जातो.

कुणाला असे अनुभव आले असतील तर लिहा. कायदा जाणणाऱ्यांनी आणि धातूकाम कळणाऱ्यांनी जरूर लिहा.

---

पंचवटीचा_पोऱ्या

दादा, चांगला धागा. माझा एक प्रश्न आहे. १०० वर्षांपेक्षा जुने हत्यार असले की लायसन्स लागत नाही, असे मी सगळीकडे ऐकतो. जाहिरातवाले पण तेच सांगतात. मग ते खोटे आहे का?

---

जिल्हाकोर्ट_वकील

पोऱ्या, खोटेच आहे. मात्र दोन वेगळ्या कायद्यांची सरमिसळ झाल्यामुळे ते खरे वाटते.

१०० वर्षांची अट आहे ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात. तो कायदा ‘पुरावस्तू’ कशाला म्हणायचे हे सांगतो, तिचा व्यापार करायला परवाना लागतो असे सांगतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवायला बंदी घालतो. बंदूक बाळगायची मुभा तो कुणालाही देत नाही.

बंदुकीला लागतो १९५९ चा शस्त्र कायदा, म्हणजे आपला आर्म्स ॲक्ट, आणि त्याखालचे २०१६ चे नियम. त्यात कलम ४५ मध्ये सूट आहे. पण कोणाला? जुन्या घडणीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडके हत्यार, जे दुरुस्त करून वा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशाला. शेवटची अट नीट वाचा. कायदा वय विचारत नाही. बार निघेल का, आणि आज निघत नसेल तर दुरुस्तीनंतर निघेल का, हे विचारतो. दोनशे वर्षांची ठासणीची बंदूक नळी साफ करून चालत असेल, तर ती बंदूकच. बार निघतो की नाही हे विकणाऱ्याने ठरवायचे नसते. पोलिसांनी जप्त केली की ती न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते आणि तिथल्या तज्ज्ञाचा अहवाल कोर्टात येतो. तोवर तुम्ही जामिनाच्या मागे असता.

शिक्षेचे सांगतो. विनापरवाना बंदूक ताब्यात सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद, वर दंड. हत्यार प्रतिबंधित बोअरचे, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेल्या नळीच्या मापाचे, असेल तर किमान ७ वर्षे. वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या हत्यारांचे ‘अँटिक रिव्हॉल्व्हर’ म्हणून फोटो फिरतात ना, त्यातली .४५५ बोअरची प्रतिबंधितात मोडतात. .३०३ रायफलही तशीच.

गोदातीर यांच्या मुद्द्याला एक जोड देतो, कारण माझ्या मते सगळ्यात उपयोगी कलम हेच आहे. तुमच्याकडे लायसन्स आहे, समोरच्याकडेही आहे, आणि त्याला स्वतःची बंदूक तुम्हाला विकायची आहे. तरीही त्याला आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते, त्यात घेणाऱ्याचे नाव-पत्ता द्यावा लागतो, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. कलम ५. म्हणून ‘आज पैसे टाका, परवा कुरिअर घरी’ असे जो म्हणतो तो एक तर भामटा असतो, नाहीतर तुम्हाला गुन्ह्यात ओढणारा. सरळ व्यवहारात एवढी घाई शक्यच नाही.

---

देवळालीकर_निवृत्त

वकीलसाहेबांशी सहमत. मी तोफखान्यात नोकरी केली, देवळालीला स्थायिक झालो. मला एका विशिष्ट फसवणुकीबद्दल लिहायचे आहे, कारण त्यात आमचे नाव वापरले जाते.

जाहिरातीत माणूस सांगतो की मी देवळाली कॅम्पात आहे, बदली झाली आहे, वडिलांची जुनी डबल बार बारा बोअर किंवा जुना वेब्ली सोबत नेता येत नाही, स्वस्तात देऊन टाकतो. मग तो वर्दीतला फोटो पाठवतो, कॅन्टीन कार्ड पाठवतो, ओळखपत्र पाठवतो. नाशिककराला देवळाली म्हटले की विश्वास वाटतो, कारण शेजारीपाजारी कुणी ना कुणी फौजेत असतोच. फोटो आणि कार्डे दुसऱ्याच कुठल्या तरी जवानाची चोरलेली असतात.

पुढचा क्रम ठरलेला. वस्तू ‘आर्मी कुरिअरने’ निघाली. गेट पासचे पैसे भरा, वस्तू हातात पडली की परत मिळतील. मग एनओसीची फी. मग लायसन्स ट्रान्सफरची फी. मग तुमचे आधीचे पैसे परत करतो म्हणून क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका म्हणतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच.

स्पष्ट लिहितो. जवानाची खासगी बंदूक असली तरी तीही लायसन्सवरच असते आणि विकायची तर नियमानेच विकावी लागते. फौजेची वाहने कुणाची खासगी बंदूक घरपोच करत नाहीत. ओळखपत्र सोशल मीडियावर अनोळखी माणसाला पाठवायला आम्हाला मनाईच असते, तेव्हा जो आपणहून कार्ड पाठवतो त्याचा संशय त्याच क्षणी घ्या.

---

अंबडचा_टर्नर

मी एमआयडीसीत लेथवर काम करतो. जुन्या लोखंडाचा नाद आहे, म्हणून लोक मला फोटो पाठवून विचारतात. कायद्यातले मला फार कळत नाही, लोखंडातले सांगतो.

हल्लीच एकाने ‘१८५७ च्या बंडातली टॉवर बंदूक’ दाखवायला आणली. शोभेची वस्तू म्हणूनच घेतली होती त्याने, पण भाव भरला होता खऱ्या अँटिकचा. मी आधी चापाच्या वरची पट्टी बघितली, जिच्यावर मुकुट आणि ‘टॉवर’ कोरलेले असते ती. भाऊ, अक्षर ठोकून उमटवलेले असले ना, की पंचने लोखंड बाजूला सरकते, अक्षराच्या कडेला बारीक उंचवटा येतो आणि एक अक्षर जास्त खोल तर दुसरे उथळ असे होते. हिच्यावर सगळी अक्षरे एकसारखी, कडा गोल, आणि मुकुटाच्या खाली सुईच्या टोकाएवढी भोके. ती भोके म्हणजे ओतकामात अडकलेली हवा. अख्खी पट्टी साच्यातून ओतून काढलेली. जुन्या बंदुकीची पट्टी घडवलेली असायची.

मग ती पट्टी दस्त्याला धरणारे स्क्रू. एक खोबणीचा होता, ठीक. आतला दुसरा फुलीच्या खोबणीचा! फुलीचे स्क्रू बाजारात आले १९३० नंतर. नळीत टॉर्च मारला तर आत एका बाजूला तोंडापासून शेवटपर्यंत सरळ रेघ. पाइपचा वेल्ड आहे तो. आमच्याकडे स्टँड बनवायला आणतो तो पाइप.

गंजाचेही सांगतो. ॲसिड मारून किंवा मिठाच्या मातीत पुरून आणलेला गंज नारिंगी असतो, बोट फिरवले की बोटाला लागतो आणि सगळीकडे सारखा पसरलेला असतो. शंभर-दीडशे वर्षांचा गंज काळपट तपकिरी, घट्ट, आणि जिथे हाताचा स्पर्श होत राहिला तिथे कमी. दस्त्याचा खांद्याला लागणारा भाग, चापाभोवतीची कडी, गजाचे टोक, ही झिजायची ठिकाणे. तिथे झीज नाही आणि भलतीकडेच घासलेले असेल तर कुणीतरी कानशीने ‘जुने’ केले आहे समजा.

आणि एक. कान बघा, म्हणजे नळीला बाजूने ते बारीक छिद्र असते ते, ज्यातून बत्ती आत जाते. शोभेच्या नकलेला बहुतेक वेळा ते नसते किंवा अर्धवट असते. छिद्र आरपार असेल तर मी वस्तू हातात धरत नाही, सरळ सांगतो की आधी कागद दाखव. कुणी ‘कान मोकळा करून दे’ म्हणून आले तर परत पाठवतो. ते काम करणे म्हणजे बंदूक बनवणे झाले, आपली भाकरी त्यात जायची.

---

गोदातीर

टर्नरभाऊ, मनापासून आभार. हा प्रतिसाद मी जपून ठेवणार.

त्यात एक भर घालतो. १८५७ चे नाव सांगून चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी) बंदूक ‘एनफिल्ड’ म्हणून विकणारे बरेच आहेत. बंडाच्या वेळी काडतुसांवरून जी गाजली ती १८५३ पॅटर्नची एनफिल्ड, आणि ती टोपीची बंदूक. तिच्या घोड्यात गारगोटी नसते, घोडा तांब्याच्या टोपीवर आपटतो. गारगोटीचा घोडा आणि एनफिल्ड नाव एकत्र दिसले की जाहिरात तिथेच बंद करावी.

कंपनी सरकारच्या शिक्क्यांचेही असेच. हृदयाच्या आकाराचा, चार घरांत अक्षरे असलेला शिक्का आधीचा. मुकुट धरलेला सिंह साधारण १८०८ नंतरचा. कारभार कंपनीकडून राणीकडे गेला १८५८ मध्ये. सिंहाच्या बाजूला १८७० च्या पुढचे साल दिसले तर काय समजायचे ते उघड आहे. मार्टिनी-हेन्री या ब्रिटिश रायफलीवर ‘व्ही.आर.’ (राणी व्हिक्टोरियाची अक्षरे) आणि खाली १९०१ च्या पुढचे साल, तर ती खैबरकडची नक्कल. राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये वारली. तिकडच्या दर्रा आदमखेल या बंदुका बनवणाऱ्या गावातल्या कारागिरांना इंग्रजी वाचता येत नसे, त्यामुळे शिक्क्यात उलटी अक्षरेही सापडतात. त्या नकलांना संग्राहकांत स्वतंत्र किंमत आहे, पण ‘अस्सल एनफिल्ड कारखान्याची’ म्हणून त्या गळ्यात मारणे ही फसवणूकच. आणि कायद्याच्या नजरेत नक्कल असली तरी बार निघतो ना, मग ती बंदूक.

---

न्यूजर्सीचा_नाशिककर

मी गंगापूर रोडचा, नोकरीसाठी इकडे आहे. भारतातले मित्र मला अमेरिकन लिलावाच्या साइटवरचे पान पाठवतात आणि लिहितात, ‘यात अँटिक, नो पेपरवर्क असे आहे, येताना घेऊन ये.’ बाबांनो, असे काही मागू नका.

इथे १९६८ च्या कायद्याप्रमाणे १८९८ किंवा त्याआधी बनलेले हत्यार बहुतेक बाबतीत अँटिक धरतात आणि त्याला संघीय कायद्याचे कागद लागत नाहीत. त्यापुढचे असेल तर ते परवानाधारक डीलरकडेच पाठवावे लागते, तो तपासणी करून देतो. ब्रिटनमध्ये नियम पुन्हा निराळे, तिथे २०२१ पासून अँटिक कशाला म्हणायचे याची नवी नियमावली आहे. त्या साइटवरचे वाक्य त्या देशात खरे असते. मुंबई विमानतळावर त्याला काही अर्थ नाही. भारतात आयात करायला शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो.

इथल्या फसवणुकीचे दोन प्रकार पाहिले आहेत. एक, संपलेल्या लिलावातले फोटो उचलायचे आणि निम्म्या भावात नवी जाहिरात टाकायची. दुसरा, खऱ्या जुन्या डीलरच्या वेबसाइटची हुबेहूब नक्कल काढायची, पत्त्यात एखादे अक्षर बदलायचे, आणि पैसे फक्त गिफ्ट कार्ड, क्रिप्टो किंवा थेट ट्रान्सफरने मागायचे. तोच फोटो इंटरनेटवर आधी कुठे आला होता हे शोधून पाहिले की पहिला प्रकार लगेच पकडता येतो. विकणाऱ्याला सांगावे, आजची तारीख लिहिलेला कागद वस्तूशेजारी ठेवून नवा फोटो पाठव. ज्याच्याकडे वस्तूच नाही तो इथे अडतो. अर्थात हल्ली असा फोटो कॉम्प्युटरवर बनवताही येतो, म्हणून व्हिडिओ कॉलवर वस्तू फिरवून दाखवायला सांगितलेले बरे.

आणखी एक, खास आपल्या लोकांसाठी. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला (शस्त्रागारातला) जुन्या बंदुकांचा प्रचंड साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यातल्या अनेक बंदुकांवर देवनागरी अक्षरे आणि आकडे आहेत. ते फोटो फिरत फिरत महाराष्ट्रात येतात आणि ‘पेशव्यांच्या बरकंदाजांची बंदूक, देवनागरी लेखासह’ म्हणून विकले जातात. देवनागरी दिसली की आपला ऊर भरून येतो. ती नेपाळची असते. सालाचा आकडा विक्रम संवताचा असेल तर त्यातून ५६-५७ वजा करा. पेशवाईच्या दफ्तराची लिपी मोडी होती, हेही लक्षात ठेवा.

---

वाड्यातली_लेक

नमस्कार. मी सहसा फक्त वाचते, आज लिहावे लागते आहे. आमचा वाडा पाडायला काढला आहे. माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक लांब ठासणीची बंदूक आणि पितळी बारूददाणी निघाली. आजोबांकडे शेतीसाठी लायसन्स होते असे आई सांगते. आजोबा जाऊन खूप वर्षे झाली.

भावाने तिचा फोटो एका ‘अँटिक खरेदी-विक्री’च्या पानावर टाकला. लगेच एकाचा फोन आला. म्हणतो, १२ लाखांना घेणारा तयार आहे, फक्त मूल्यांकनाचे ४,५०० आणि पुरातत्त्व खात्याच्या प्रमाणपत्राचे ११,००० आधी भरा. भाऊ भरायला निघाला होता, मी थांबवले. आता आम्ही काय करावे? बंदूक घरात असल्याचीच मला भीती वाटायला लागली आहे.

---

जिल्हाकोर्ट_वकील

ताई, पैसे अडवलेत ते फार बरे केलेत. विकणाऱ्याला फसवायची ही जुनी रीत आहे. भाव अवाच्या सवा सांगायचा आणि त्या आशेवर लहान लहान फी उकळायच्या. पुरातत्त्व खाते कुणाच्या घरातल्या बंदुकीचा बाजारभाव ठरवून प्रमाणपत्र देत नाही.

आता काय करायचे ते सांगतो. पहिली गोष्ट, तो फोटो पानावरून काढा, पण काढण्याआधी त्या माणसाचे मेसेज, नंबर आणि पैसे मागितल्याचे सगळे स्क्रीनशॉट घ्या. दुसरी, बंदूक साफ करू नका, तेल घालू नका, नळीत काही घालून पाहू नका. भरलेली राहिलेली ठासणीची बंदूक आजही धोक्याची असू शकते. आहे तशी, तोंड माणसांकडे नको असे ठेवून खोलीला कुलूप लावा.

मग आजोबांची लायसन्सची वही शोधा. जुन्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात, सातबाऱ्याच्या कागदांत सापडतात या वह्या. ती सापडली तर निम्मे काम झाले. परवानाधारक वारला की वारसाकडे असलेले हत्यार ठेवता येते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे. कलम २१ त्याच्यासाठीच आहे. तुम्ही स्वतः अर्ज लिहा: वाडा पाडताना माळ्यावर अमुक वर्णनाचे हत्यार मिळाले, ते आजोबांचे होते, जमा करून घ्यावे. बंदूक हातात घेऊन ठाण्यात जाऊ नका. आधी अर्ज द्या, पोच घ्या आणि नेण्याची व्यवस्था त्यांना विचारा. जमा झाल्याची पावती घेतल्याशिवाय परतू नका.

पुढे ठेवायची इच्छा असेल तर वारस म्हणून परवान्याचा अर्ज करता येतो. नाशिक शहर हद्दीत तो पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. एका माणसाला २०१९ पासून दोनच हत्यारे ठेवता येतात आणि वारसाने आलेलेही त्यातच धरतात. ठेवायची नसेल तर संग्रहालयाला देण्याचा विचार करता येईल, तोही पोलिसांच्या कागदासह. बारूददाणीची काळजी करू नका, ती रिकामी असेल तर ते नुसते पितळी भांडे आहे. आत जुनी दारू वाटली तर मात्र हलवू नका, अर्जात तेही लिहा.

---

वाड्यातली_लेक

खूप आभार दादा. वही शोधते.

---

सराफबाजार_कट्टा

हे सगळे वाचून मलाही लिहावेसे वाटले. माझ्या मामेभावाची गोष्ट आहे, त्याला विचारून लिहितो आहे.

त्याने ‘अँटिक, चालत नाही, फक्त शोभेला’ अशा जाहिरातीवरून एक जुने रिव्हॉल्व्हर ठरवले. टोकन दिले, मग कुरिअर, मग इन्शुरन्स. वस्तू आली नाही. त्याने विचारणा सुरू केली तेव्हा एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. समोर खाकीतला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी खोली. म्हणाला, तुमच्या नावाचे पार्सल पकडले आहे, आत हत्यार आहे, ३/२५ (शस्त्र कायद्याची कलमे ३ आणि २५) लागतो, कॅमेऱ्यासमोरून उठायचे नाही, घरच्यांना सांगायचे नाही. भाऊ रात्रभर त्या खोलीत बसून होता. ‘जामिनाची रक्कम’ म्हणून सत्तर हजारांच्या आसपास त्याने भरले. वहिनीला सकाळी कळले.

मला सगळ्यात टोचते ते पुढचे. तो तक्रार द्यायला तयार नव्हता. म्हणे, तक्रार दिली तर मीच बंदूक मागवली होती हे बाहेर येईल आणि मलाच आत टाकतील. त्या लोकांनी हीच भीती मोजून ठेवलेली असते. मोबाइल किंवा सोफा घेताना फसलेला माणूस ओरडतो. बंदूक घेताना फसलेला गप्प बसतो, म्हणून हे लोक बंदुकीच्या जाहिराती टाकतात.

---

जिल्हाकोर्ट_वकील

कट्टा, तुमच्या भावाला सांगा, आजच्या आज तक्रार करा. ‘डिजिटल अरेस्ट’ असा कोणताही प्रकार कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि जामीन यूपीआयवर घेत नाहीत. ज्याच्या हातात वस्तू कधी आलीच नाही, त्याच्यावर वस्तू ताब्यात ठेवल्याचा गुन्हा कसा लागेल? तरीही धाकधूक असेल तर ठाण्यात जाताना सोबत वकील न्या, आणि जे झाले ते सगळे खरे सांगा. जाहिरातीतले ‘चालत नाही, शोभेला’ हे शब्द ज्या स्क्रीनशॉटमध्ये आहेत तो जपून ठेवा. आपण काय समजून पैसे दिले, याचा तोच पुरावा आहे.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करायची. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त. यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक), खात्याचे तपशील, कॉलची वेळ, सगळे एका कागदावर लिहून ठेवा, फोनवर ते लागोपाठ विचारतात.

---

देवळालीकर_निवृत्त

वकीलसाहेब म्हणतात तेच. कट्टा, भावाला एकटे सोडू नका. माणूस एक रात्र असा बसला की त्याचा स्वतःवरचा विश्वास उडतो. कोणीतरी सोबत जा.

---

पंचवटीचा_पोऱ्या

मला एवढेच विचारायचे होते, तलवारीचे काय? आमच्या मंडळातले पोरे ऑनलाइन मागवतात.

---

जिल्हाकोर्ट_वकील

तलवार बंदुकीच्या कलमात नाही, पण शस्त्र कायद्याबाहेरही नाही. आपल्याकडे ४/२५ (त्याच कायद्याची कलमे ४ आणि २५) खाली तलवारींचे गुन्हे नेहमी दाखल होतात, आणि कुरिअरने आलेल्या तलवारी पकडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार आल्या आहेत. धार नसलेली शोभेची वेगळी. धारदार मागवू नका, मिरवणुकीत नाचवू नका. मंडळातल्या पोरांना हा धागा दाखव.

---

अंबडचा_टर्नर

ज्यांना खरी वस्तू कशी दिसते ते बघायचे असेल त्यांनी पुण्याला केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन शस्त्रांच्या दालनात वेळ घालवा. काचेतून का होईना, पट्टीची अक्षरे, स्क्रूच्या खोबणी, दस्त्याची झीज बघत उभे राहा. मग फोनवरचा फोटो बघताना डोळ्याला आपोआप खटकते.

---

वाड्यातली_लेक

कळवायचे होते. वही सापडली, देवघरामागच्या पेटीत. लायसन्स नंबर आणि बंदुकीचे वर्णन दोन्ही जुळते. काल अर्ज दिला, पोच मिळाली. ते स्वतः येऊन पंचनामा करून नेणार आहेत. बारूददाणी रिकामी आहे. त्या फी मागणाऱ्याचे स्क्रीनशॉटही अर्जासोबत जोडले.

---

सराफबाजार_कट्टा

आम्हीही गेलो. १९३० वर नोंद झाली, नंतर सायबर ठाण्यात लेखी दिले. मामेभावाला कुणी वेडेवाकडे बोलले नाही. तक्रार घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, अशा जाहिरातींच्या तक्रारी येतच नाहीत, कारण लोक घाबरतात. एका खात्यातली थोडी रक्कम होल्ड झाली आहे. ब्राउनिंगच्या जाहिरातीतला नंबर आणि भावाला टोकन मागणारा नंबर एकच निघाला, तेही तिथे लिहून दिले. ज्यांच्याकडे त्या नंबरवरून मेसेज आले असतील त्यांनी मला व्यक्तिगत निरोप टाका, एकत्र देता येतील.

---

गोदातीर

माझ्याकडे आलेले सगळे फॉरवर्ड तुम्हाला पाठवले आहेत, मूळ तारखांसह. एफएनच्या मॉडेलबद्दलची टिपणीही जोडली आहे, तपासणाऱ्यांना उपयोगी पडेल.